जोडाच्या बाजूची ओल

परचुरे साहेबांचा मला अजून राग येतो. ते जाऊन कितीतरी वर्षं झाली, माझीही ऐंशी उलटली, आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे माझ्या सुनेने मला दोनदा सांगितलं आहे. ती चांगली मुलगी आहे. पण परवा आमच्या सोसायटीच्या सभागृहात संयुक्त महाराष्ट्राच्या आठवणींचा कार्यक्रम झाला, एका गृहस्थाने गहिवरून भाषण केलं, त्या काळी मराठी माणूस कसा एकदिलाने उभा राहिला ते सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि माझे हात मांडीवर तसेच राहिले. एकदिलाने उभी राहिलेली माणसं मीही पाहिली होती. त्यातलाच एक माणूस मला आठवत होता. आणि त्याच्या शेजारी, सहीपुरती का होईना, मी.

आम्ही तेव्हा वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचो. एक खोली, बाहेर लांब बोळ, बोळाच्या टोकाला नळ. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, लालबागच्या एका गिरणीत रंगखात्यात होते. रंगखात्यातल्या माणसाच्या अंगाला एक आंबूस वास असतो, तो साबणाने जात नाही. दादा घरी आले की बोळातूनच तो वास पुढे यायचा आणि आई चुलीवरची भाकरी उलटून म्हणायची, "आले." आमच्याकडे दीक्षा घेतल्यानंतरचे ते दिवस. भिंतीवरचे देव दादांनी काढून वरळीच्या समुद्रात सोडले होते आणि त्या जागी चौकोनी फिकट डाग राहिले होते. आई काही बोलली नाही, पण चुना लावायला कुणाला सांगितलंही नाही. जेवायला बहुतेक भाकरी, सुकटीची चटणी नाहीतर वाटाण्याची पातळ आमटी. रविवारी कोळीवाड्यातून आणलेले बोंबील. मोर्चाच्या दिवसांत वस्तीवर कर्फ्यू असला की बोंबील नाहीत, रॉकेल नाही, आणि बोळातल्या सगळ्या खोल्यांची दारं उघडी टाकून माणसं एकमेकांकडे बसलेली. दादा मोर्चाला जायचे. एकदा पाठीवर लाठीचा वळ घेऊन आले, आई हळदीचा लेप लावत होती आणि ते पालथे पडून म्हणत होते, "मुंबई मिळाली पाहिजे. ती आमच्या हातांनी चाललीय."

रंगखात्यात पिण्याच्या पाण्याचा एक माठ होता. दादांनी त्याला हात लावायचा नाही अशी पूर्वीपासूनची रीत. खात्याचे जॉबर, म्हणजे मुकादम, होते भिकाजी परब, मालवणकडचे. ते तांब्याने वरून पाणी घालायचे आणि दादा ओंजळीने प्यायचे. दीक्षेनंतर दादांनी ओंजळ धरणं सोडलं, घरून बाटली न्यायला लागले. परबांनी एकदा विचारलं, "कांबळ्या, तहान लागणा नाय काय तुका?" दादा म्हणाले, "लागते. पण आता बसून पितो." हे दादांनीच आम्हाला सांगितलं होतं, भाकरी मोडता मोडता, आणि सांगून झाल्यावर खूप वेळ ते मनाशी हसत होते. परब वाईट माणूस नव्हते, हेही तेच सांगायचे. कुणाला ताप आला तर परब त्याची पाळी स्वतः करायचे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

मी इंटर सायन्स झाले आणि माटुंग्याच्या एका खासगी प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. कारखानदार आपला माल तपासायला तिथे पाठवायचे: तेल, रंग, सिमेंट, पोलाद. मी धातूंच्या टेबलावर मदतनीस. तिथले मुख्य रसायनज्ञ म्हणजे परचुरे साहेब. गिरगावात राहायचे, धोतर आणि कोट, कोटाच्या खिशाला चळवळीचा बिल्ला. अतिशय हुशार माणूस, ते मी नाकारत नाही. मला जे येतं ते पहिल्यांदा त्यांनीच शिकवलं. पण त्यांची एक सवय होती. पाहुणा आला की ते मला चहा करायला सांगायचे, आणि मी कप ठेवला की पाहुण्याला म्हणायचे, "ही आमची मिस कांबळे. आमच्याकडे हिच्या हातचा चहा सगळे पितात." पाहुणा कौतुकाने त्यांच्याकडे बघायचा. माझ्याकडे नाही. प्रयोगशाळेत शिपाई होता, आणि चहा करणं त्याचं काम होतं.

त्या टेबलावर मी वेल्डिंगचे जोड तपासायला शिकले. पुढे आयुष्यभर तेच केलं, म्हणून थोडं समजावून सांगते. स्टेनलेसचं पोलाद गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. पण दोन पत्रे वेल्डिंगने जोडताना जोडाच्या दोन्ही अंगांना बोटभर रुंदीचा पट्टा मंद लाल होईपर्यंत तापतो. पत्रा हलक्या प्रतीचा असला, त्यात कार्बन जास्त असला, तर त्या पट्ट्यात कार्बन क्रोमियमला धरून बसतो आणि धातूच्या कणाकणांमधल्या रेघा क्रोमियमवाचून उघड्या पडतात. तिथे आम्ल शिरतं. जोड शाबूत राहतो, पत्रा शाबूत राहतो, सडते ती दोघांमधली ती बोटभर जागा. आणि वरून काही दिसत नाही, चकाकी तशीच. ते ओळखायचं कसं, तर जोड मध्यभागी येईल अशी पट्टी कापायची, मोरचूद आणि गंधकाम्लाच्या निळ्या पाण्यात तीन दिवस उकळायची, मग धुऊन दगडी फरशीवर टाकायची. चांगली पट्टी खणखणते. सडलेली बद्द वाजते, जशी चिरलेली घागर. आवाज ऐकल्यावर पट्टी शेगड्यात, म्हणजे टेबलाच्या लोखंडी पकडीत, धरून वाकवायची आणि भिंगातून बघायचं. पण साहेब म्हणायचे, "वाकवायची ती कागदासाठी. कान आधीच सांगतो." आई कुंभाराकडून माठ घेताना बोटाने टिचक्या मारून दहातले आठ बाजूला सारायची, त्यामुळे मला ते एका दिवसात आलं. आज माझ्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत आणि दाराची घंटाही सुनेला ऐकावी लागते.

काटकर नावाच्या एका कारखानदाराचा नमुना आला तो पावसाळा संपताना. काळाचौकीला त्याचं वर्कशॉप होतं आणि एका गिरणीसाठी तो स्टेनलेसच्या मोठ्या टाक्या बनवणार होता, गरम आम्लाचं रंगपाणी साठवायच्या. कुठल्या गिरणीसाठी ते कागदावर नव्हतं. चार पट्ट्या होत्या. मी तीन दिवस उकळल्या, धुतल्या, फरशीवर टाकल्या. चारही बद्द. शेगड्यात वाकवल्या तर जोडाच्या बाजूने तडे उघडले, इतके की भिंगाची गरज नव्हती. मी वहीत लिहिलं आणि वही साहेबांपुढे ठेवली.

ते बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "दार लाव."

मी दार लावलं.

"काटकर कोण आहे माहीत आहे तुला? मराठी माणूस. या धंद्यात आपला एकच आहे, बाकी सगळे कोण आहेत ते तुला ठाऊक आहे. ही ऑर्डर गेली तर वर्कशॉप बंद पडेल. आपण रस्त्यावर ओरडतो मुंबई आमची, आणि मुंबईत आपला एक माणूस उभा राहतो तर त्याला आपणच आडवं करायचं?"

"पण साहेब, चारही गेल्या."

"तुझं आम्ल जास्त उकळलं असेल. मी त्याला दुसरा नमुना पाठवायला सांगतो. या पट्ट्या टाकून दे."

दुसऱ्या पट्ट्या आठवड्याने आल्या. मी तपासण्याआधी स्क्रूगेजने मोजल्या, ते माझं कामच होतं, आणि जाडी वेगळी निघाली. घासण्याचे चरेही वेगळे. हा तो पत्राच नव्हता. कुठूनतरी चांगल्या पत्र्याचा तुकडा आणून त्यावर वेल्डिंग मारून पाठवलं होतं. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आपण आलेला नमुना तपासतो. तो कुठून आला हे तपासत नाही." मी तीन दिवस उकळल्या. फरशीवर टाकल्या आणि चारही घंटेसारख्या वाजल्या. साहेबांनी दाखला टाइप करून घेतला: नमुना समाधानकारक. खाली त्यांची सही, आणि डाव्या कोपऱ्यात ‘तपासले’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दापुढे माझी. पहिल्या नमुन्याची वहीतली पानं त्यांनी माझ्यासमोर फाडली, अगदी सावकाश, कडेने फूटपट्टी धरून, दुसऱ्या पानांना धक्का लागू नये म्हणून.

मी सही केली. दाखल्यात एकही शब्द खोटा नव्हता, हे मी स्वतःला तेव्हा सांगितलं आणि नंतर कित्येक दिवस सांगत राहिले. एक पट्टी मात्र मी टाकली नाही. डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवली. का ठेवली ते आज विचाराल तर धैर्य होतं म्हणून असं मी म्हणणार नाही. टाकवत नव्हती, एवढंच.

थंडीच्या सुरुवातीला दादा घरी आले ते हात न धुताच बोलायला लागले. त्यांच्या खात्यात नवीन टाक्या बसल्या होत्या. "आरशावाणी हायेत," ते आईला म्हणाले. "उभं राह्यलं की तोंड दिसतं. जुन्या लाकडी पिंपांचा वास कसा, तू बघितलायस. ते सगळं गेलं."

मी विचारलं, "कुठल्या कारखान्याच्या?"

"काटकर म्हणून पाटी हाय."

मी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. आई म्हणाली, "काय झालं गं?" मी म्हटलं, "ठसका."

दुसऱ्या दिवशीचं जे दादांनी सांगितलं ते मला शब्दाशब्दाने आठवतं. टाक्यांबरोबर आलेला दाखला गिरणीच्या साहेबाने काचेत घालून खात्यात लावला होता. आम्लाच्या एवढ्या मोठ्या टाकीखाली उभं राहून काम करायला माणसं बिचकत होती. दादांना इंग्रजी येत नव्हतं, पण माझी सही ओळखता येत होती, शाळेच्या वह्यांपासून त्यांनी ती पाहिली होती. त्यांनी काचेवर बोट ठेवलं आणि परबांना म्हटलं, "ही माझ्या पोरीची सही." परबांनी जवळ जाऊन पाहिलं. मग मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "भिया नको रे. आमच्या कांबळ्याच्या चेडवान तपासल्यान हा." आणि त्या दुपारी परबांनी माठातलं पाणी तांब्यात भरून तांब्या दादांच्या हातात दिला. वरून घातलं नाही. हातात दिला.

दादा हे सांगत होते आणि आईने पदर तोंडाला लावला होता. बोळातली दोन माणसं ऐकायला दारात उभी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पुढे मला पुष्कळ मान मिळाला, हार मिळाले, पण तसं माझ्याकडे पुन्हा कुणी पाहिलं नाही. आणि मी गप्प बसले. तेव्हा सांगायला हवं होतं. त्याच ताटावर, त्याच क्षणी. मला काय वाटत होतं ते सांगते: मला वाटत होतं की कदाचित काटकरने टाक्या चांगल्याच पत्र्याच्या केल्या असतील. आणि त्याच्या खाली, खरं वाटत होतं ते हे की दादांच्या हातातला तांब्या मला काढून घ्यायचा नव्हता.

दोनेक महिने गेले. लालबागमध्ये त्या काळात रोज काहीतरी असायचं, सभा, हरताळ, अश्रुधुराने डोळे लाल झालेली माणसं. एका संध्याकाळी दादा जेवताना म्हणाले, "त्या कोपऱ्यातल्या टाकीला ओल येतीय."

"जोडातून?"

"जोडातून नाय. जोड कोरडा हाय. बाजूनं, बोटभर लांब. थेंबाथेंबानं. गिरणीच्या वेल्डरनं वरून परत वेल्डिंग मारलं, तर दोन दिवस थांबली आन् मग जास्ती."

परत वेल्डिंग मारलं म्हणजे तो पट्टा परत तापवला. याहून वाईट काही करता आलं नसतं. मी सकाळी परचुरे साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं, जागा, अंतर, वेल्डिंग. त्यांनी लिहिणं थांबवलं नाही. म्हणाले, "टाकी गरम असते, बाहेर हवा गार. वाफेचं पाणी धरतं. वडिलांना सांग काळजी करू नका." आणि मी, कांबळ्याची शिकलेली मुलगी, तो निरोप घरी नेला. मी दादांना म्हटलं, "साहेब म्हणतात वाफेचं पाणी असेल." दादांनी तो खात्यात नेला. परबांनी टाकीखाली एक फडकं बांधलं आणि काम चालू ठेवलं.

त्यानंतर बारा दिवसांनी टाकी फाटली. दुपारची पाळी नुकतीच सुरू झाली होती. कोपऱ्यातली टाकी जोडाच्या बाजूने हातभर उकलली, शिवण उसवल्यासारखी, आणि उकळतं आम्लाचं पाणी खाली आलं. तिथे दुसरा एक कामगार उभा राहायचा. पण ओल वाढल्यापासून परब त्याला लांब ठेवून झडप स्वतः उघडत होते. त्यांचे दोन्ही पाय गुडघ्यांपासून खाली भाजले. दादांनी आणि आणखी एकाने त्यांना ओढून बाहेर काढलं आणि नळाखाली धरलं. दादांच्या तळहातांनाही फोड आले होते. घरी आले ते हात पुढे धरून, कुणी काही द्यावं म्हणून धरतात तसे, आणि उंबऱ्यावर बसले. आई खोबरेल आणायला गेली.

मी तेव्हा सांगितलं. पहिल्या पट्ट्या, दुसऱ्या पट्ट्या, फाडलेली पानं, सगळं. उभ्यानेच सांगितलं.

दादांनी पुढे धरलेले हात मांडीवर टेकवले. मग म्हणाले, "मी सही दाखवत फिरत होतो तवा तुला ठाऊक हुतं?"

"हो."

"ओल येतीय सांगितलं तवा?"

"हो."

"मग वाफंचं पाणी म्हणून का सांगितलंस?"

आई तेलाची वाटी घेऊन मध्ये आली आणि म्हणाली, "ती पोर हाय, तिच्यावर साहेब होता." दादा तिच्याकडे न बघता म्हणाले, "तो परब मला वरून पाणी घालायचा. पंधरा वर्षं घालत हुता. म्हणून काय त्याचे पाय जळावेत?" आई म्हणाली, असं कोण म्हणतंय. पण दादा माझ्याकडेच बघत होते. मला कळलं की त्यांना एका क्षणाला खरंच शंका आली होती, मी मुद्दाम तर नाही ना गप्प बसले. ती शंका त्यांच्या तोंडावर आली आणि गेली. मारलं असतं तर बरं झालं असतं.

सरकारी कारखाना निरीक्षक चार दिवसांनी प्रयोगशाळेत आले. मध्यम वयाचे, बुटके, थकलेले गृहस्थ. गिरणीने त्यांना आधीच लिहून दिलं होतं की मुकादमाने वाफ जास्त सोडली. परचुरे साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, दाखल्याची प्रत दाखवली, वही दाखवली. म्हणाले, "जोड उत्तम होता. वापरण्यातली चूक आहे. ही माणसं वाफेचा काटा बघत नाहीत." आणि मला म्हणाले, "मिस कांबळे, चहा."

मी चहा केला नाही. मी माझ्या टेबलाकडे गेले, पिशवी घेऊन आले आणि निरीक्षकांना म्हटलं, "यांनी दाखवला तो दुसरा नमुना. पहिला हा." दुसऱ्या नमुन्याची एक पट्टी कपाटात होती, तीही काढली. आधी ती फरशीवर टाकली. ती वाजली, खोलीभर. मग माझी टाकली. ती पडली तशी पडली, ओल्या लाकडासारखी.

निरीक्षकांनी दोन्ही उचलल्या आणि स्वतः पुन्हा टाकून पाहिल्या. "ही कधीची?" त्यांनी विचारलं.

"दाखल्याच्या आधीची. वहीतली पानं फाडली आहेत. शिलाईत कडा सापडतील."

"कुणी फाडली?"

मी साहेबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"आणि दाखल्यावर ही तुमचीच सही?"

"माझीच."

निरीक्षकांनी माझं नाव, वडिलांचं नाव, खोली नंबर लिहून घेतला आणि दोन्ही पट्ट्या रुमालात बांधून नेल्या. ते गेल्यावर परचुरे साहेबांनी माझ्याकडे तोंड वळवलं. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, तेव्हाही चढला नाही. "तुम्हा लोकांना वर घेतलं की हे असं होतं," ते म्हणाले. "मी जातपात न बघता तुला इथे बसवलं. तू काटकरला बुडवलंस. आज समोरच्यांना किती आनंद होईल माहीत आहे? महाराष्ट्राचं नुकसान केलंस तू."

मी हात पाठीमागे धरले. मी म्हटलं, "परब कुठले, साहेब?"

"कोण परब?"

"ज्यांचे पाय जळाले ते. मालवणचे आहेत. मालवण महाराष्ट्रात येतं ना?"

त्यांनी मला त्या दिवशीच काढलं. माझा ॲप्रन शिपायाने काढून घेतला, दारात, आणि त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं.

पुढे निरीक्षकांनी टाकीचाच तुकडा कापून दुसरीकडे तपासायला लावला आणि तोही तसाच निघाला. उरलेल्या टाक्या गिरणीने काढल्या. काटकर बुडाला वगैरे काही नाही, त्याने पुढे आणखी मोठं वर्कशॉप टाकलं. परचुरे साहेबांना समज दिली गेली असं मी ऐकलं. समज. ते त्याच खुर्चीवरून निवृत्त झाले. मला वर्षभराने दुसरी नोकरी लागली, बाहेरून शिकून मी डिग्री घेतली, आणि मग तीस वर्षं बॉयलरचे, टाक्यांचे, नळांचे जोड तपासले. लोक म्हणायचे कांबळे बाई फार कडक, चारदा तुकडा कापायला लावतात. नमुना मी स्वतः मालातून कापल्याशिवाय घेतलाच नाही. माझ्याकडे कुणी पाठवलेली पट्टी आली की मी ती न बघता परत करायची. हे मी मिरवायला सांगत नाही. कुठल्या भीतीने मी ते करत होते ते मला माहीत आहे.

परब चार महिन्यांनी इस्पितळातून आपल्या घरी आले, काठी घेऊन. गिरणीत परत जाणं शक्य नव्हतं. लालबागमध्ये एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. मी दादांना म्हटलं, मला त्यांना भेटायचंय. दादा म्हणाले, "भेट." ते आले नाहीत. मी एका दुपारी एकटी गेले. परब खाटेवर बसले होते, पाय पुढे, पायांवर धोतराचं पान टाकलेलं. भिंतीवर त्यांच्या गावच्या देवाची तसबीर होती आणि बाजूला चळवळीचं पत्रक चिकटवलेलं. त्यांनी मला ओळखलं नाही. मी नाव सांगितल्यावर त्यांचं तोंड उजळलं. "कांबळ्याचा चेडू? अगो बस. तुझ्या बापाशीन माका नळाखाली धरल्यान, नायतर पाय कापूचे लागले असते." आत बायकोला हाक मारून म्हणाले, "चाय कर गो."

मी चटईवर बसले आणि त्यांना सांगितलं. दादांना सांगितलं होतं तसंच, काही न सोडता. ओल आल्यावर मी वाफेचं पाणी म्हणून सांगितलं तेही. सांगताना मी त्यांच्या पायांकडे बघत होते, धोतराच्या पानाखाली जे होतं तिकडे. त्यांची बायको चहा घेऊन आली होती. ती मध्येच थांबली आणि कपबशी हातात घेऊन उभी राहिली, आणि माझं संपेपर्यंत तशीच उभी होती. मग ती वळली आणि चहा आत घेऊन गेली. मला तिचा राग आला नाही. त्या सगळ्या प्रकरणात मला जिचा राग आला नाही अशी ती एकटीच.

खाली रस्त्यावरून घोषणा देत पोरं चालली होती, ती लांब जाईपर्यंत परब थांबले. मग म्हणाले, "सही बघान मीच माणसांका सांगलंय, भिया नको."

"मला माहीत आहे."

"तू सांगूक इलंस, ता बरा केलंस." त्यांनी पायावरचं पान नीट केलं. "पण आता परत येव नको."

मी उठले. नमस्कार करावा की नाही ते मला कळेना, म्हणून केला नाही. जिना उतरताना माझे पाय शाबूत आहेत याची मला लाज वाटली. मी परत गेले नाही. दोन वर्षांनी राज्य झालं तेव्हा सगळ्या लालबागेत दिवे लावले होते, ढोल वाजत होते, माणसं एकमेकांना पेढे भरवत होती. दादा मला घेऊन बघायला गेले होते. परबांच्या चाळीवरही माळा सोडल्या होत्या. दादा तिथे थांबले, वर बघितलं आणि जिना चढून गेले. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. कुणीतरी माझ्या हातात पेढा ठेवला, तो मी शेजारच्या लहान मुलीला दिला, आणि दादा खाली येईपर्यंत पाऊण तास मी तिथेच उभी होते. आल्यावर ते चालू लागले. परब काय म्हणाले ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.